चुन्याचे डबे

खोटा दात ओळखू येतो तो फार पांढरा असतो म्हणून. खऱ्या दाताला चहाचा डाग असतो, मुळाशी पिवळसर झाक असते, उजेडात धरला तर एखादी बारीक चीर दिसते. कवळ्या बनवणाऱ्या एका लॅबमध्ये नव्या कोऱ्या दातांना असं म्हातारं करायचं काम ज्याच्याकडे होतं, त्याला सगळे भिंगरी म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव कागदोपत्री राहिलं. हात असा, की त्याने रंगवलेली कवळी घालून माणूस हसला तर सख्ख्या बहिणीला कळू नये. पण एका जागी बसेल तर शपथ! एक दात रंगवायचा, उठायचं, खिडकीशी नेऊन बघायचा, परत यायचं, तो तसाच ठेवून दुसरा उचलायचा, आणि मालकाने हाक मारली की समोरच्या टपरीवरून ओ द्यायची. "याच्या बुडाखाली कोणीतरी कवळी ठेवलीय, सारखी चावते त्याला," असं मालक गिऱ्हाइकांना सांगायचा.

आणि हा माणूस घरी जाऊन काय करायचा, तर आगगाडी.

खेळण्यातली नव्हे हो. मागची खोली अख्खी तिने खाल्ली होती. लोखंडी घोड्यांवर प्लायवूडच्या फळ्या, त्यावर रूळ, गाडीला दुसऱ्या रुळावर वळवणारे सांधे, खांब, प्लॅटफॉर्म, पाण्याची टाकी, केबिन, आणि तळहातावर मावतील असे डबे. एकही डबा नवा दिसत नव्हता. कुणाचा पत्रा गंजलेला, कुणाच्या कडांना पोचे आलेले, कुणावर कोळशाची काजळी. दातांवर जे करायचं तेच तो डब्यांवर करत होता. सिग्नल तर असे, की फळीच्या टोकाला बसवलेले खटके हलवले तर खरोखरच्या स्टेशनात लागतील तसेच लागायचे, आणि जो लागू नये तो कितीही ओढा, लागायचा नाही. बायको कपड्यांची दोरी कुठे बांधू म्हणून विचारून विचारून दमली होती. "पाहुणे आले तर त्यांना कुठे झोपवू? प्लॅटफॉर्मवर?" ती म्हणायची.

पण हौस म्हणावी तर ती हौस नव्हती. हौशी माणूस बांधतो आणि बघून खूष होतो. हा बांधायचा, बघायचा, कपाळाला हात लावायचा आणि उखडायचा. वळण उखडलं, पुन्हा टाकलं. टेकाड खरवडलं, पुन्हा चढवलं. चांगला उभा केलेला खांब उपटून नखभर बाजूला रोवला. बाहेरच्या माणसाला वाटेल, डोकं फिरलंय.

त्याचं असं होतं, की त्याचा थोरला भाऊ इंजिन ड्रायव्हर होता. होता म्हणजे एका संध्याकाळपर्यंत होता. त्या संध्याकाळी, फळीवर बांधलेलं होतं त्याच जंक्शनात शिरताना दादाची गाडी पुढे उभ्या असलेल्या मालगाडीच्या शेपटावर आदळली. जिवावर कोणाच्या बेतलं नाही, देवाची कृपा. काही जणांची हाडं मोडली, दादाचा खुबा गेला. सिग्नलचे दांडे ओढणाऱ्या केबिनवाल्याने चौकशीत सांगितलं, मी तांबडा दिला होता. दादाने सांगितलं, हिरवा होता, मी या डोळ्यांनी बघितला. मदतनीस त्या क्षणी मागे इंजिनाचा पंप बघायला गेलेला, तो कशाचाच साक्षीदार नाही. केबिनमधले दांडे केबिनवाला म्हणाला तसेच सापडले. दादाला इंजिनावरून उतरवलं आणि इंजिनांच्या शेडच्या भांडारात बसवलं, चिंध्या आणि तेलाचे डबे मोजायला. तिथूनच तो निवृत्त झाला.

मोडलं ते वेगळंच. तो केबिनवाला, त्याला सगळे नाना म्हणत, दादाचा जिवलग. दोघं एका डब्यात जेवलेले. त्या दिवसापासून दादाने नानाचं तोंड पाहिलं नाही. "ड्यूटीवर डुलकी लागली त्याला, आणि माझी गाडी आदळल्यावर पटकन दांडा मागे टाकला," हे दादाचं ठरलेलं वाक्य. रागावून म्हणायचा नाही, अगदी थंडपणे म्हणायचा. त्या एका वाक्यावर दादा उभा होता. ते काढून घेतलं असतं तर त्याच्याकडे एक मोडका खुबा तेवढा उरला असता.

भिंगरीचा दादावर आंधळा विश्वास. दादा म्हणतो हिरवा, म्हणजे हिरवाच. आणि तो हिरवा कसा दिसला हे मी बांधून दाखवेन, असं त्याने मनाशी घेतलं. फळीची कड जिथे संपते तिथे त्याने पत्र्याचा तुकडा उभा केला होता, ड्रायव्हरच्या डोळ्याच्या उंचीवर त्याला भोक. स्टुलावर बसून त्या भोकाला डोळा लावला की दादाला दिसायचं ते दिसायचं. डावीकडे एक सायडिंग, म्हणजे डबे बाजूला काढून ठेवायचा फाटा, मग दादाची लाइन, तिच्या उजव्या अंगाला शाखेवरून येणारी दुसरी लाइन, आणि सगळं मिळून डावीकडे वळत गेलेलं. आणि त्या वळणावर, काय करावं, तांबडा! दर वेळी ढळढळीत तांबडा.

मग तो चिडून वळण उखडायचा. आपलंच मोजमाप चुकलंय म्हणायचा.

"अहो, आणि खरंच तांबडाच असला तर?" बायकोने एकदा विचारलं.

"असूच शकत नाही!"

"मला ओरडून काय होणार? मी काय केबिनमध्ये होते?"

तो चप्पल घालून बाहेर पडला आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन कारण नसताना परत आला.

सिग्नलचं सगळं ज्ञान कुठून आणलं, हे तर दादाला कळलं असतं तर त्याने धाकट्याला उभा चिरला असता. भिंगरी नानाकडेच जायचा. सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या वरच्या खोलीत नाना एकटाच राहायचा, खालच्या ठोकठोकीत. पहिल्या दिवशी भिंगरी दारात उभा राहिला तेव्हा नानाने त्याला ओळखलं, आणि काही न विचारता खुर्चीवरचे कपडे उचलून जागा केली. दांडा कुठला कुठल्याला अडवतो, सांधा फिरल्याशिवाय सिग्नल का मोकळा होत नाही, सगळं त्याने समजावलं. त्या संध्याकाळचंही सांगितलं. शाखेवरून गाडी येत होती, तिला हिरवा दिलेला. मेन लाइनवर पुढे मालगाडीचं शेपूट अडकलेलं, म्हणून दादाला तांबडा.

"कशाला बांधतोस रे हे?" नानाने शेवटी विचारलंच.

भिंगरीला खोटं बोलता येत नव्हतं. "दादाला हिरवा दिसला, हे दाखवायला."

नाना रागावेल असं वाटलं होतं. नाना खिडकीकडे बघत बसला. "बांधून झालं की मला बोलाव," तो म्हणाला. "तुझा भाऊ खोटं बोलणारा माणूस नाही. मी ओळखतो त्याला. सगळे म्हणतात दांडे बरोबर होते. असतील. पण तो म्हणतो हिरवा, तर मग हिरवा असेल. फोन वाजत होता, दोन गाड्या एकदम आल्या होत्या, यंत्र जुनाट. माझ्या हातून काहीतरी झालं असेल आणि मलाच कळलं नसेल. घास घेताना ते आठवतं, मग घास जात नाही."

भिंगरी जिना उतरला तो धडधडत. एक भाऊ हिरव्यासाठी अडून बसलेला, एक म्हातारा तांबड्यासाठी झुरत बसलेला, आणि दोघांचा निकाल याच्या फळीवर. कोणी सांगितलं होतं नसतं झेंगट गळ्यात बांधून घ्यायला?

दादा स्वतः त्या खोलीत कधी आला नव्हता. "मला नको ती बाहुल्यांची रेल्वे," म्हणायचा. पण भिंगरी रविवारी बिस्किटांच्या डब्यात एखादी वॅगन घालून त्याच्याकडे न्यायचा, आणि मग दादाला राहवायचं नाही.

"काय भावोजी, आज काय दाखवायला आणलंय? दात की डबा?" वहिनी विचारायची.

त्या रविवारी दादाने डबा हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि नाक मुरडलं. "हा काय गंज? डब्याला कांजिण्या आल्यात का? गंज असा सगळीकडे सारखा येतो होय रे? दाराच्या बिजागरीपासून ओघळतो तो, पाणी जाईल तसा. आणि ब्रेकची काळी भुकटी खाली, चाकांच्या जरा वर, इथपर्यंतच."

"आणखी सांग."

"आणखी काय सांगू? घाण म्हणावी तर चुन्याच्या डब्यांची. त्या दिवशी नव्हते का माझ्या डाव्या हाताला, पार वळणापर्यंत उभे! उंच, बंद डबे, दारातून चुना सांडून पार खालपर्यंत पांढरे ओघळ. मावळतीचं ऊन पडलेलं त्यांच्यावर, डोळ्यांत खुपत होते नुसते."

"त्या दिवशी? सायडिंगला डबे होते?"

"एरवी नसायचे. त्या दिवशी होते. तू चुना कशाचा करणार ते सांग."

चौकशीत हे कोणी विचारलंच नव्हतं. अपघातानंतर क्रेन आणायला ती सायडिंग लगेच मोकळी केली होती. साहेब आले तेव्हा तिथे नुसते रूळ. आणि दादाच्या लेखी ती फक्त घाण होती, घाणीचा आणि सिग्नलचा काय संबंध?

खरं सांगायचं तर भिंगरीच्याही डोक्यात तेव्हा काही आलं नाही. त्याला आनंद झाला तो रंगाचा. लॅबमधून दातांचं प्लॅस्टर पुडीत बांधून आणलं, चुना म्हणून ते काय झकास बसलं! ओघळ काढताना तो चक्क बसून राहिला, बायकोने दोनदा डोकावून बघितलं, बरं आहे ना म्हणून. डबे वाळले, त्याने ते ओळीने सायडिंगला लावले. वळणाशी जरा पुढे सरकवले, दादा म्हणाला होता तसे. कसे दिसतात बघावं म्हणून भोकाला डोळा लावला.

आणि तांबडा नाही!

समोर एकच दिवा होता, हिरवा. बरोबर दादाच्या रुळांच्या डोक्यावर, जणू त्याच्यासाठीच लावलेला.

 नाचायला हवं होतं भिंगरीने, पण त्या दिव्याची वायर त्याने स्वतः जोडली होती. तो शाखेच्या लाइनीचा खांब होता. दादाचा खांब उंच चुन्याच्या डब्यांमागे बुडाला होता, आणि वळणामुळे शेजारचा खांब सरळ दादाच्या लाइनीवर येऊन उभा राहिल्यासारखा दिसत होता. दादा खोटं बोलला नव्हता. नानाही खोटं बोलला नव्हता. दादाने दुसऱ्याचा सिग्नल आपला म्हणून घेतला होता.

त्यानंतर त्याला घर पुरेना. लॅबमधून एका साठीच्या बाईंना त्याने विशीतले दात पाठवले, त्या भांडायला आल्या. घरी यायचा, चुन्याचे डबे उचलून कपाटात कोंबायचा, जेवताना उठून परत काढायचा. नानाचा फोन आला, "झालं का रे बांधून?" तर "थोडं राहिलंय" म्हणाला आणि नंतर स्वतःलाच शिव्या घातल्या. दादाकडे जायचं सोडलं. कोणत्या तोंडाने जाणार? सांगितलं तर दादा ढासळणार. नाही सांगितलं तर नाना तसाच झुरणार. मी हे कशाला बांधलं, कशाला बांधलं, एवढंच डोक्यात.

बायकोने सगळं ऐकून घेतलं. "आता एक तर मोडा नाहीतर दाखवा," ती म्हणाली. "पण असे घरभर फिरू नका. मला गरगरतं."

शेवटी दादाच आला. एका संध्याकाळी काठी टेकत, धापा टाकत दारात हजर. "रविवारी आला नाहीस. तुझी वहिनी म्हणाली बघून या. कुठेयत माझे चुन्याचे डबे?"

ते तुटले, असं भिंगरीच्या अगदी ओठावर आलं. पण दादा आत शिरलासुद्धा. खोलीत पाय ठेवला आणि थांबला. केबिन, टाकी, प्लॅटफॉर्मचा उतार, सगळ्यावरून त्याची नजर फिरली. त्याने टोपी काढून हातात घेतली. मग चुन्याचे ओघळ बघून मान हलवली. "हे जमलंय."

"दादा, आधी चहा घे."

"चहा कुठे पळतोय? हे भोक कशाला?" म्हणत तो स्टुलावर टेकलाही, आणि डोळा लावलाही.

"हिरवा!"

असा ओरडला की स्वयंपाकघरात भांडं पडलं. "अगं इकडे ये! बघ, बघ तू पण! हिरवा! मी काय सांगत होतो? अरे, अख्खं जग मला खोटं म्हणालं रे! साहेबाने तोंडावर म्हटलं, दारू प्यायला होतास का!" दादा हसत होता आणि डोळे पुसत होता, दोन्ही एकदम. एवढा मोठा माणूस, स्टुलावर बसून लहान पोरासारखा भिंगरीचा हात हलवत होता. "आण त्या नानाला! आत्ता आण! नाक घासायला लावतो त्याला या फळीवर!"

 भिंगरीने गप्प राहायचं फक्त, एवढंच काम होतं. गप्प राहिला असता तर दादा मरेपर्यंत सुखात राहिला असता. पण नानाचा घास त्याच्या गळ्यात अडकला होता.

"दादा, तो तुझा नाही."

"काय माझा नाही?"

"सिग्नल. तो शाखेच्या लाइनीचा आहे." आणि त्याने हात घालून वळणावरचा चुन्याचा डबा उचलला. मागे तांबडा जळत होता.

दादा बघत राहिला. मग चेहरा असा काही आवळला, की भिंगरी मागे सरला. "तू हे मुद्दाम केलंस. नानाने शिकवलं तुला. हो ना? त्याच्याकडे जात होतास! माझा सख्खा भाऊ!" काठी शोधत तो उठला, खुबा दुखावला, तरी दाराकडे निघाला.

दारात बायको चहाचा कप घेऊन उभी. ती बाजूला झाली नाही. "दादा, चहा," एवढंच म्हणाली.

दादाने कप घेतला. प्यायला नाही. तसाच वळला. "ठेव तो डबा परत," तो म्हणाला.

भिंगरीने ठेवला. दादाने पुन्हा डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही. बोलला ते स्वतःशीच, पण ऐकू आलं. "कुठून दिसणार होता रे मला तो." आणि थोड्या वेळाने, "पण आपला दिसला नाही तर थांबायचं. हे पहिल्या दिवशी शिकवतात. मी दुसऱ्याचा बघून निघालो."

त्याने भोकापासून डोळा काढला.

"नाना काय म्हणतो?" दादाने विचारलं.

"तो म्हणतो, तू खोटं बोलणार नाहीस. म्हणून त्याला वाटतं, त्याच्याच हातून हिरवा लागला असेल."

"म्हणजे? अजून?"

"अजून. जेवण जात नाही म्हणतो."

दादाने कप खाली ठेवला. चहा बशीत सांडला. "वेडा आहे का तो," तो म्हणाला. "वेडा आहे का! मी त्याला डुलकी लागली म्हणत फिरलो, आणि तो मला... बोलाव त्याला."

"मी सांगतो त्याला जाऊन, तू बस."

"तू काही सांगायचं नाहीस. गाडी माझी होती."

नाना आला तेव्हा खोलीत दिवे लावले होते. सदऱ्याची गुंडी खालीवर लागलेली, घाईत निघालेला. दाराशीच थबकला. दोघं म्हातारे एकमेकांकडे बघायचं टाळत उभे राहिले. मग दादा काठीवर भार देऊन स्टुलावरून उठला, आणि नानाच्या दंडाला धरून त्याला त्या स्टुलावर बसवलं.

"इथे डोळा लाव."

नानाने चष्मा सावरत डोळा लावला. आणि त्याचे खांदेच पडले. "हिरवा होता," तो म्हणाला. "म्हणजे माझ्याच हातून झालं."

"थांब," दादा म्हणाला. त्याचा हात मोठा, डबे इवलेसे. तो वळणावर वाकला आणि चुन्याचा डबा उचलताना शेजारचे दोन पाडले, ते कोणी उचलले नाहीत. "आता बघ. तू मला तांबडाच दिला होतास, नाना. मी शेजारचा घेतला. चुकलो मी."

नानाने डोळा काढलाच नाही. त्याची पाठ हलायला लागली, तशी दादाने तिच्यावर हात ठेवला.

"रडतोस काय गाढवा," दादा म्हणाला, "बघ नीट, तांबडाच आहे." आणि पुढे काही बोलायला गेला, तर त्यालाच हुंदका आवरेना.